उघडणे सोपे, मिटणे कठीण

कामगार संघटनेचे काम करणारा माणूस व्याख्यानास उभा राहिला, की तो पगार, बोनस आणि महागाई यांवर बोलणार, असे आपण धरूनच चालता. आज तसे होणार नाही. आज आम्ही मोटारसायकलच्या इंजिनातील एका लहानशा पोलादी भागाचा इतिहास सांगणार आहोत. त्याचे नाव कॅमशाफ्ट. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही मिळाले ते फिटर मंडळींच्या हाताखाली आणि वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे विद्वत्तेची अपेक्षा आपण करू नये. पण हा विषय आम्ही उगाच निवडलेला नाही. त्याचे एक देणे आमच्या अंगावर आहे, ते पुढे ओघाने येईलच.

आमच्या कोल्हापुरात संध्याकाळी कोणत्याही चौकात उभे राहा. दोन पोरे मोटारसायकलीजवळ उभी असतात आणि एक दुसऱ्याला सांगत असतो, “कॅम बदल, गाडी पळायला लागेल.” हे वाक्य खोटे नाही. पण ते अर्धे आहे, आणि यंत्राच्या बाबतीत अर्धे खरे हे पुष्कळदा खोट्याहून महाग पडते. उरलेले अर्धे वाक्य शोधण्यास जगातल्या मोठमोठ्या कारागिरांना शंभर वर्षे लागली. तीच हकिगत आज पाहू या.

प्रथम यंत्र समजून घेऊ. फोरस्ट्रोक इंजिनाच्या डोक्यावर दोन झडपा असतात. एकीतून पेट्रोलमिश्रित हवा आत येते, दुसरीतून जळालेला धूर बाहेर जातो. या झडपा उघडण्याचे काम कॅम करतो. कॅम म्हणजे एका बाजूस फुगलेले चाक, साधारण अंड्याच्या आकाराचे. ते फिरता फिरता फुगवट्याचा भाग वर आला, की तो टॅपेटला रेटतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर झडपेला. क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची एक होते. इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्या घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटाला 3000 वेळा, म्हणजे सेकंदाला 50 वेळा, उघडते आणि मिटते. आपण एकदा टाळी वाजवावी, तेवढ्यात तिची कितीतरी येरझारा झालेली असते.

आता मुख्य मुद्दा ध्यानात घ्यावा. झडप उघडते ती कॅमच्या हुकमाने. पोलाद पोलादाला रेटते, तेथे झडपेला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही. पण फुगवट्याचे टोक ओलांडले, की कॅम नुसता बाजूला होतो. झडपेला परत जागेवर आणण्याचे काम त्याचे नव्हे. ते काम स्प्रिंगचे. म्हणजे उघडणे सक्तीचे आणि मिटणे स्प्रिंगच्या भरवशावर, अशी ही व्यवस्था आहे. वेग वाढत गेला की झडपेला तितक्या झटक्यात परत फिरवणे स्प्रिंगला झेपेनासे होते. मग टॅपेट कॅमची पाठ सोडतो, झडप क्षणभर अधांतरी राहते, आपल्या जागेवर आपटून पुन्हा उसळते. कारागीर यास झडप तरंगणे म्हणतात. तेथे इंजिनाची ताकद संपते, आणि दैव वाईट असेल तर इंजिनही संपते.

आरंभीच्या काळी हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण तेव्हा एका झडपेला कॅमच नव्हता. 1890 नंतरच्या दशकात फ्रान्समधील द दिओं-बूतों कंपनीने जे लहान इंजिन काढले, त्यावर तीनचाकी गाड्या आणि पुढे पुष्कळ मोटारसायकली चालल्या. त्यात धूर बाहेर टाकणारी झडप कॅमने उघडे, पण हवा आत घेणारी झडप आपोआप उघडे. पिस्टन खाली गेला की जी ओढ निर्माण होते, तिनेच ती उघडावयाची आणि एका हलक्या स्प्रिंगने मिटावयाची. व्यवस्था मोठी सोपी होती. पण ओढीने उघडावयाची म्हणून स्प्रिंग हलकी ठेवावी लागे, आणि स्प्रिंग हलकी म्हणून वेगात झडप वेळेवर मिटत नसे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कारागिरांनी याही झडपेला कॅम दिला. उघडण्याचा प्रश्न कायमचा सुटला. मिटण्याचा राहिला.

यानंतर वेगाची शर्यत लागली. आयल ऑफ मॅन या बेटावर 1907 पासून मोटारसायकलींच्या टीटी शर्यती होऊ लागल्या आणि प्रत्येक कारखाना कॅमचा फुगवटा अधिक उंच, अधिक रुंद करू लागला. त्यात चूक काही नव्हती. हवेलाही वजन असते. एकदा आत येऊ लागलेली हवा पिस्टन तळाला पोहोचला तरी आपल्या जोराने आत येतच राहते. तेव्हा झडप थोडी उशिरा मिटवली, तर जोराच्या वेगात अधिक हवा कोंडली जाते आणि ताकद वाढते. परंतु त्याच कॅमने इंजिन हळू चालवले, तर आत आलेली हवा वर येणाऱ्या पिस्टनबरोबर उलटी बाहेर ढकलली जाते. म्हणून शर्यतीचा कॅम बसवलेली गाडी गावात रडत चालते आणि मोकळ्या रस्त्यावर गर्जत सुटते. तात्पर्य, कॅम ताकद निर्माण करीत नाही, तो ती खालच्या वेगातून उचलून वरच्या वेगात नेऊन ठेवतो. आणि वरच्या वेगात गेले, की स्प्रिंगची परीक्षा आलीच.

ही गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली ती बर्मिंगहॅममधील व्हेलोसेट या लहानशा कारखान्यातील मंडळींनी. हा गुडमन घराण्याचा कारखाना. पर्सी गुडमन यांनी 350 सीसीचे एक नवे इंजिन आखले. त्यात कॅमशाफ्ट खालून उचलून थेट डोक्यावर नेला होता. मधले लांब पुशरॉड गेले, हलणारे वजन कमी झाले, तेव्हा वेग वाढावयास हवा होता. पण 1925 च्या टीटी शर्यतीत त्यांच्या गाड्या शेवटपर्यंत पोहोचल्याच नाहीत. तेलाची व्यवस्था अपुरी पडली होती, ती सुधारली. तरीही एका वेगापुढे इंजिन जाईना. तेव्हा हॅरॉल्ड विलिस या त्यांच्या इंजिनिअराने फिरत्या यंत्रावर लुकलुकणाऱ्या दिव्याचा प्रकाश टाकला. दिव्याची उघडझाप इंजिनाच्या फेऱ्यांशी जुळवली, की फिरणारा भाग जागीच थांबल्यासारखा दिसतो. आजवर ज्याची अटकळ बांधली जात होती ते समोर दिसले. कॅम पुढे जात होता आणि झडप त्याच्या मागे राहत होती. दोष दिसल्यावर उपाय सुचला, कॅमचा आकार झडपेला झेपेल असा नव्याने घडवला गेला. 1926 च्या ज्युनिअर टीटीत अ‍ॅलेक बेनेट हा स्वार व्हेलोसेटवर दहा मिनिटांहून अधिक अंतराने पहिला आला.

श्रोतेहो, दुसऱ्याच्या मागे राहणारा माणूस आळशी आहे, असे आपण चटकन म्हणतो. त्याच्यावर दिवा धरून पाहणारे थोडे.

पुढचा काळ स्प्रिंगांचा. साधी वेटोळ्यांची स्प्रिंग वेगात स्वतःच आतल्या आत थरथरू लागते आणि काही जोर त्या थरथरण्यात घालवते. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत बायकांच्या केसांतील आकड्यासारखी वाकवलेली स्प्रिंग आली. ती कमी थरथरे, आणि उघड्यावर असल्यामुळे थंडही राही. नॉर्टन कारखान्याच्या प्रसिद्ध मँक्स इंजिनावर हीच स्प्रिंग असे. जो क्रेग या चिवट गृहस्थाने ते एका सिलिंडरचे इंजिन वर्षानुवर्षे थोडे थोडे सुधारीत नेले. याच कारखान्यातील एक हकिगत आम्हांस फार मोलाची वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात राहिलेला लिओ कुझ्मित्स्की नावाचा एक पोलिश मनुष्य तेथे झाडलोटीच्या कामावर होता. हा मनुष्य इंजिनांच्या शास्त्रातला जाणकार आहे, हे पुढे लक्षात आले आणि त्याच्या हातून झाडू जाऊन त्याला इंजिनाच्या सुधारणेचे काम मिळाले. नंतर तो व्हॅनवॉल या मोटारींच्या कारखान्यात गेला. त्यांच्या चार सिलिंडरच्या इंजिनात नॉर्टनची पुष्कळ विद्या उतरली होती, त्या आकड्याच्या स्प्रिंगांसह. 1958 साली जगज्जेत्या मोटारींचा मान त्यांना मिळाला. कोणत्या कारखान्यात झाडू मारणारा कोण आहे, हे विचारण्याची चाल आपल्याकडेही पडावी, एवढेच आमचे म्हणणे.

आता आमच्या अंगावरचे देणे.

1996 साली संघटनेच्या कामासाठी आम्ही एक जुनी बुलेट घेतली. 1955 पासून मद्रासेत तयार होऊ लागलेली हीच ती 350 सीसीची गाडी. सत्तर मिलिमीटरचा बोअर, नव्वदाचा स्ट्रोक, दोन झडपा, दोन पुशरॉड. टॅपेट जुळवायचे तर बाजूचे लहान झाकण काढावे, इंजिन थंड असताना पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरतो इतपतच सैल ठेवावा, की झाले. धीम्या आणि भरवशाच्या चालीसाठी ते इंजिन घडवलेले होते. पण आम्हांस शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल अशा तिन्ही ठिकाणच्या पाळीबदलांच्या गेटसभा एकाच दिवसात गाठावयाच्या असत. घाई आमची होती.

एका लेथवाल्या मिस्त्रींकडे आम्ही गेलो. त्यांनी जुन्या कॅमची पाठ घासून फुगवटा त्यामानाने उंच करून दिला. पैसे देताना ते म्हणाले, “भाऊ, स्प्रिंगाबी बदला. उघडंल झ्याक, पण मिटंल का न्हाई, सांगता येत न्हाई.” आम्ही हिशेब केला. कॅमला खर्च झालाच होता. स्प्रिंगा जुन्या असल्या तरी तुटल्या नव्हत्या. आम्ही म्हटले, पुढच्या महिन्यात बघू.

गाडी खरोखरच पळू लागली. आठ-दहा दिवस आम्ही खूष होतो. एके दिवशी आम्हांस ताप होता, म्हणून कागलच्या सभेची पत्रके घेऊन आमचा एक तरुण सहकारी ती गाडी घेऊन गेला. तो चोवीस वर्षांचा फिटर होता, संपानंतर कामावरून काढलेला. मोकळ्या रस्त्यावर त्याने गाडी सोडली. थकलेली स्प्रिंग झडपेला वेळेत परत आणू शकली नाही, वर येणाऱ्या पिस्टनने तिला गाठले, तिची दांडी वाकली, टोपी तुटून आत पडली आणि इंजिन जागच्या जागी जखडले. मागचे चाक अडकले. क्लच दाबायला त्याला वेळ मिळाला नाही. मांडीचे हाड मोडले. चार महिने तो अंथरुणावर होता, आणि पाय पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. त्या मिस्त्रींनी आम्हांस सांगितले होते. स्प्रिंगांचे पैसे वाचवले ते आम्ही.

दवाखान्याचा खर्च आम्ही हप्त्याहप्त्याने फेडला. त्याने आम्हांस एका शब्दानेही बोल लावला नाही. तेव्हापासून आम्ही झडपांविषयी जे मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता कळले, की आमची चूक नवी नव्हती, तीच जगाने फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिली होती आणि तिला दोन मोठी उत्तरेही शोधली होती.

पहिले उत्तर इटलीतले. बोलोन्याच्या डुकाटी कारखान्यात 1954 साली फाबिओ तालियोनी हे इंजिनिअर आले. त्यांनी विचारले, स्प्रिंगवर भरवसा ठेवावाच का? मिटवण्याचे कामही कॅमकडेच द्यावे. त्यांच्या 125 सीसीच्या शर्यतीच्या इंजिनात डोक्यावर तीन कॅमशाफ्ट होते, बाजूचे दोन झडपा उघडण्यास आणि मधला त्या मिटवण्यास. ही कल्पना त्यांच्या आधीही अनेकांनी केली होती. 1954 च्या मर्सिडीझ शर्यतगाडीतही ती होती. पण मोटारसायकलीत ती पक्की रुजवली तालियोनींनी. मिनिटाला 12,500 फेऱ्यांवरही ती झडप चुकत नसे. 1956 च्या जुलैत स्वीडनमधील हेडेमोरा येथे जानी देल्यी अंतोनी या स्वाराने ते इंजिन पहिल्याच शर्यतीत जिंकून दाखवले. पुढल्याच महिन्यात मोन्झा येथे सराव करताना तो तरुण मरण पावला. यंत्रांचा इतिहास लिहिताना ही नावे गाळण्याची चाल आहे. आम्ही ती गाळणार नाही.

या व्यवस्थेची किंमत मात्र मोठी. दोन कॅमांमध्ये झडप केसाच्या फरकानेच मोकळी राहावी लागते. जरा झीज झाली की मापे पुन्हा जुळवा, म्हणजे कुशल हात आणि वेळ दोन्ही हवेत. 1968 साली डुकाटीने ती रस्त्यावरच्या गाडीत आणली, तेव्हा घेणाऱ्याला ताकदीबरोबर हे व्रतही घ्यावे लागले.

दुसरे उत्तर जपानचे. होंडा कंपनी 1959 साली आयल ऑफ मॅनला प्रथम उतरली. तिने विचार उलट्या बाजूने केला. स्प्रिंगला झेपत नाही ना? मग तिच्यावरचे ओझे कमी करा. झडपेची रुंदी निम्मी केली, तर तिचे वजन साधारण आठव्या हिश्श्यावर येते, हवेची वाट मात्र चौथ्या हिश्श्याइतकी राहते. तेव्हा एका मोठ्या झडपेऐवजी दोन लहान ठेवल्या, की वाट पुरेशी मिळते आणि प्रत्येक स्प्रिंगला हलके ओझे राहते. चार झडपांचे इंजिन इंग्लंडच्या रज कंपनीने 1924 सालीच काढले होते. होंडाने तो विचार टोकास नेला. 1966 च्या तिच्या 250 सीसीच्या शर्यतगाडीस सहा सिलिंडर आणि चोवीस झडपा होत्या. पिस्टनची रुंदी 41 मिलिमीटर, आणि फेऱ्या मिनिटाला 18,000. म्हणजे प्रत्येक झडप सेकंदाला 150 वेळा उघडून मिटत होती, आणि साध्या स्प्रिंगने मिटत होती. माइक हेलवुडने त्या गाडीवर त्या वर्षीचे आणि पुढच्या वर्षीचे जगज्जेतेपद मिळवले.

एकाने मिटवणारा बदलला, दुसऱ्याने ओझे बदलले. जुन्याच स्प्रिंगवर अधिक उंच कॅम लादण्याचा मार्ग दोघांनीही घेतला नाही. तो आम्ही घेतला होता.

आम्ही चळवळीतली माणसे, म्हणून मेरिडनचा उल्लेख केल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. इंग्लंडातील मेरिडन येथे ट्रायम्फ मोटारसायकलींचा कारखाना होता. 1973 च्या सप्टेंबरात तो बंद होणार असे कळताच कामगारांनी आत ठाण मांडले, आणि 1975 साली तेथे त्यांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली. 1982 साली या संस्थेने दोन सिलिंडरांची, आठ झडपांची एक नवी गाडी काढली. विचार बरोबर होता, होंडाचाच होता. पण तिच्या हेडच्या ओतकामात दोष निघाले, आणि ते दूर करून पुन्हा उभे राहण्याइतके भांडवल संस्थेपाशी नव्हते. 1983 साली ती बंद झाली. कामगारांना इंजिन समजत नव्हते, असे यावरून कोणी म्हणू नये. डोके नवे बसवले, पण त्याखालचा आधार जुना आणि अपुरा होता, असे म्हणावे.

आज काय स्थिती आहे? 2020 साली डुकाटीनेच आपल्या लांब पल्ल्याच्या चार सिलिंडरी गाडीत दुहेरी कॅमची ती प्रसिद्ध पद्धत सोडली आणि साध्या स्प्रिंगा घेतल्या. झडपांची तपासणी साठ हजार किलोमीटरांवर गेली. तोवर स्प्रिंगचे पोलाद इतके सुधारले होते. शर्यतीच्या गाड्यांत मात्र तिने जुनी पद्धत ठेवली आहे. आपली बुलेटही बदलली. 2023 साली तिच्या 350 च्या इंजिनातून पुशरॉड गेले आणि कॅमशाफ्ट डोक्यावर आला. 1920 नंतरच्या दशकात व्हेलोसेटने जे केले, ते आपल्या खेड्यांतल्या रस्त्यांवर आता सर्रास धावू लागले आहे.

ज्यांना आपली गाडी सुधारावयाची आहे, त्यांना आमचे सांगणे थोडे आहे. कॅमला हात लावण्याआधी स्प्रिंग काढून मोजावी. बसली असेल तर ती बदलावी. झडप पुरी उघडली असता स्प्रिंगची वेटोळी एकमेकींना टेकत नाहीत ना, हे पाहावे. इंजिन हाताने हळूहळू फिरवून पिस्टन आणि झडप यांत अंतर राहते ना, हे तपासावे. दांडीची झीज पाहावी, आणि स्प्रिंगची टोपी धरून ठेवणारे कॉटर झिजले असल्यास काटकसर करू नये. आणि इतके झाल्यावर स्वतःला विचारावे, की आपण रोज ज्या वेगाने जातो तेथे हा कॅम काही देणार आहे का? पुष्कळदा उत्तर नकाराचे येते. त्या नकाराने निदान हाड मोडत नाही.

संघटनेच्या कामातही हेच शिकलो, म्हणून शेवटी सांगतो. संप पुकारणे हे कॅमचे काम आहे. सभेत हात वर होतात आणि दार उघडते. 1982 च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचे दार असेच उघडले, लाखो हातांनी उघडले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही, आणि त्याची किंमत घराघरांनी दिली. आम्ही तेव्हा शाळकरी वयाचे होतो. पुढे आम्ही स्वतः जे संप केले, त्यांत उघडतानाच मिटवणार कसे याचा विचार आम्ही प्रत्येक वेळी केला, असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. चोवीस वर्षांचा तो फिटर अशाच एका संपात कामावरून गेला होता. म्हणजे आमच्या घाईने त्याला दोनदा पाडले.

आज त्याचे कागलच्या रस्त्यावर लहानसे गॅरेज आहे. कॅम बसवून मागणारी पोरे त्याच्याकडेही येतात. तो त्यांना व्याख्यान देत नाही. जुनी स्प्रिंग काढतो, नव्या स्प्रिंगेच्या शेजारी फळीवर उभी करतो आणि दोहोंच्या उंचीतला फरक पोरांना स्वतःच्या बोटाने मोजावयास सांगतो. फरक एवढासाच असतो. मग तो उठून, पाय ओढीत, कपाटाकडे जातो.